चेहऱ्याच्या आणि जबड्याच्या शिरा: जातात कुठून आणि दिसतात कोणत्या?

शिल्पमग्न

मी व्यक्तिशिल्पे करतो आणि सध्या पाठीवर ओझे घेऊन उठू पाहणाऱ्या एका वृद्धाच्या मस्तकावर काम करत आहे. हातापायांच्या शिरा कशा दाखवायच्या हे स्वतःचा हात समोर धरूनही शिकता येते. चेहऱ्याचे तसे नाही. कलाकारांसाठी लिहिलेल्या शरीररचनेच्या पुस्तकांत चेहऱ्याचा एकेक स्नायू सोलून दाखवलेला असतो, पण शिरांची बोळवण दोन निळ्या रेघांवर केलेली असते आणि त्या रेघा माझ्या समोर बसणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांवर मला कधी सापडत नाहीत.

म्हणून येथील जाणकारांना विचारतो. चेहऱ्यातील आणि जबड्यातील मुख्य शिरा नेमक्या कोणत्या मार्गाने जातात, त्यांपैकी कातडीवर उठून दिसतात कोणत्या, आणि हा मार्ग ठरलेला असेल तर दोन माणसांचे कपाळ सारखे का दिसत नाही? शिवाय वाचताना एक विधान वारंवार समोर आले की चेहऱ्याच्या शिरांमध्ये झडपा नसतात आणि त्यामुळे नाकावरची पुळी फोडली तर जंतू थेट मेंदूपर्यंत पोहोचतात. शिल्पासाठी याचा उपयोग नाही, पण जिज्ञासा आहे.

शरीरवेध

मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीररचनाशास्त्र शिकवतो, म्हणून मार्गाविषयी आधी लिहितो.

कपाळावरून दोन शिरा खाली येतात. मध्यरेषेजवळून उतरणारी ती सुप्राट्रॉक्लिअर आणि भुवईच्या वरून आडवी येणारी ती सुप्राऑर्बिटल. डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्याशी त्या एकत्र येतात आणि तिथून पुढच्या लहानशा भागाला अँग्युलर व्हेन म्हणतात. हीच शीर नाकाच्या कडेने खाली उतरली की तिचे नाव फेशियल व्हेन होते. ती गालावरून तिरकी, खाली आणि मागे जाते, मॅसेटर या चावण्याच्या स्नायूच्या पुढच्या कडेपाशी पोहोचते आणि जबड्याची खालची कड ओलांडून मानेत शिरते. वाटेत ती हसण्याच्या स्नायूंच्या आणि मानेवरच्या पातळ प्लॅटिस्मा स्नायूच्या खालून जाते, वर गालाची चरबीही असते. पुस्तकातील ती निळी रेघ आपल्याला चेहऱ्यांवर का सापडत नाही, याचे उत्तर एवढ्यातच आहे.

तिची जागा मात्र स्वतःच्या चेहऱ्यावर शोधता येते. दात घट्ट आवळले की जबड्याच्या खालच्या कडेवर मॅसेटरची पुढची कड बोटाला टणक लागते. तिच्या लगेच पुढे, हाडावर, बोट हलके टेकवले की फेशियल धमनीची नाडी लागते. शीर त्या नाडीच्या अगदी मागे असते, परंतु बोटाला ती जाणवणार नाही, कारण तिच्यातील दाब इतका कमी असतो की स्पर्श होताच ती चपटी होते. धमनी नागमोडी चालते, तोंड उघडताना आणि गाल ताणले जाताना तिला वाढायला वाव राहतो. शीर तुलनेने सरळ असते.

दुसरा मोठा प्रवाह कानाच्या पुढे आहे. कानशिलावरून येणारी सुपरफिशियल टेम्पोरल व्हेन आणि जबड्याच्या आतल्या बाजूने येणारी मॅक्सिलरी व्हेन पॅरोटिड लाळग्रंथीच्या आत एकत्र येतात आणि रेट्रोमँडिब्युलर व्हेन तयार होते. खाली तिचे दोन फाटे होतात. पुढचा फाटा फेशियल व्हेनला मिळतो आणि हे एकत्रित रक्त मानेतील खोल अशा इंटर्नल जुग्युलर शिरेत जाते. मागचा फाटा कानामागून येणाऱ्या शिरेला मिळून एक्स्टर्नल जुग्युलर होतो, जी मानेच्या कातडीलगत असते.

हे वर्णन पाठ्यपुस्तकातले आहे. विच्छेदनाच्या टेबलावर ते जसेच्या तसे भेटले तर विद्यार्थ्यांना मुद्दाम बोलावून दाखवावे लागते. कधी पुढचा फाटाच नसतो, कधी फेशियल व्हेन आपली वाट सोडून एक्स्टर्नल जुग्युलरला मिळते, कधी डावी बाजू एक सांगते आणि उजवी दुसरे. गर्भावस्थेत शिरा आधी जाळ्याच्या रूपात असतात आणि त्या जाळ्यातील काही वाटा टिकून मोठ्या होतात, बाकीच्या मिटतात. कोणत्या टिकाव्यात याची शिस्त धमन्यांइतकी कडक नसते, म्हणून दोन कपाळे सारखी नसतात.

शंकासूर

थोडक्यात, नकाशा सर्वांना एकच वाटला गेला आहे, रस्ते मात्र ज्याचे त्याने बांधले आहेत.

दंतकथा

शरीरवेध यांनी मॅक्सिलरी व्हेनचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे, आणि आम्हा दंतवैद्यांचा खरा संबंध तिच्याच उगमाशी येतो. वरच्या जबड्याच्या मागे, गालाच्या हाडाच्या आत, लॅटरल टेरिगॉइड या स्नायूभोवती बारीक शिरांचे एक दाट जाळे असते. त्याला टेरिगॉइड प्लेक्सस म्हणतात. वरच्या मागच्या दाढांचे रक्त तिथे जाते. खालच्या दातांचे रक्त जबड्याच्या हाडातील नळीतून, दातांच्या मज्जातंतूच्या सोबतीने येणाऱ्या शिरेतून, तिथेच पोहोचते. टाळू, नाकाची मागची बाजू आणि चावण्याचे स्नायू यांच्याही शिरा तिथेच रित्या होतात. एवढेच नव्हे, तर गालातून डीप फेशियल व्हेन नावाची एक जोडशीर फेशियल व्हेनला या जाळ्याशी जोडते. म्हणजे चेहऱ्याची पुढची बाजू आणि जबड्याची खोल बाजू हे दोन वेगळे प्रवाह नाहीतच.

हे जाळे आम्ही कधी पाहत नाही, पण त्याचा अनुभव येतो. वरच्या मागच्या दाढा बधिर करण्यासाठी सुई वर, आत आणि मागे, जबड्याच्या फुगीर मागच्या भागाला वळसा घालून न्यावी लागते. ती गरजेपेक्षा खोल गेली आणि तिथल्या एखाद्या रक्तवाहिनीला लागली, तर रुग्ण खुर्चीत बसलेला असतानाच काही मिनिटांत त्याचा गाल फुगतो, कारण त्या पोकळीत रक्त साठायला जागा भरपूर असते आणि बाहेरून दाबून धरण्यासारखे काही हाताला लागत नाही. नंतर काही दिवस निळसर डाग गालावरून खाली जबड्याच्या कडेकडे सरकताना दिसतो. दिसायला भयंकर, पण बहुधा आपोआप ओसरणारे. म्हणूनच औषध सोडण्याआधी सिरिंजचा दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येते का हे पाहण्याची शिस्त पहिल्या वर्गापासून लावली जाते.

आणखी एक गोष्ट. जबडा हलला की हे जाळे दाबले जाते आणि सुटते, त्यामुळे त्यातील रक्त पुढे ढकलले जाते. चावताना, बोलताना आणि विशेषतः मोठी जांभई देताना हे घडते.

शंकासूर

तासाला जांभया देणारा विद्यार्थी शिक्षकांचा अवमान करत नसून रक्ताभिसरणाला हातभार लावत असतो, हे शरीरवेध यांनी आता अधिकृतपणे मान्य करावे.

शरीरवेध

मान्य आहे, परंतु हजेरी मात्र जागे असणाऱ्यांचीच लागेल.

निर्भीड

झडपांचा आणि मेंदूचा हा भाग मला अतिरंजित वाटतो. आमच्या पिढीतील प्रत्येकाने तारुण्यात नाकावरच्या पुळ्या फोडल्या आहेत आणि सगळे ठणठणीत आहेत. आजकाल महाजालावर चेहऱ्याच्या मध्यभागी लाल त्रिकोण काढून लोकांना घाबरवण्याचा छंद लागला आहे.

शरीरवेध

निर्भीड, लाल त्रिकोण महाजालाने शोधलेला नाही. नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन कोपऱ्यांपर्यंतचा तो भाग अनेक पिढ्यांपासून धोक्याचा त्रिकोण म्हणून शिकवला जातो. मात्र त्याचे जे कारण दिले जाते, ते तपासण्यासारखे आहे.

शिरांतील झडपांचे तपशीलवार वर्णन फॅब्रिशियस यांनी १६०३ मध्ये केले. त्यांचे विद्यार्थी विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडताना बांधलेल्या हातावरच्या फुगलेल्या शिरांचाच पुरावा दिला. हातावरच्या शिरेवर ठरावीक अंतराने ज्या गाठी दिसतात त्या झडपांच्या जागा असतात. त्यांच्यामुळे रक्त एकाच दिशेने जाते. पुढे चेहऱ्याच्या शिरांना झडपा नसतात, म्हणून तिथे रक्त उलटे जाऊ शकते, असे पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले. परंतु २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शवविच्छेदनाच्या अभ्यासात फेशियल व्हेनमध्ये आणि डोळ्याच्या शिरांमध्येही झडपा आढळल्या. धोका झडपा नसल्यामुळे नसून तो या शिरांच्या जोडण्यांमुळे आहे, असा त्याचा निष्कर्ष होता आणि मला तो पटतो.

जोडण्या अशा. डोळ्याच्या कोपऱ्याशी असलेली अँग्युलर व्हेन खाली फेशियल व्हेनमध्ये जाते हे आपण पाहिले, पण तीच शीर मागे डोळ्याच्या खोबणीतील सुपिरिअर ऑफ्थॅल्मिक शिरेलाही जोडलेली असते, आणि ती शीर कवटीच्या आत कॅव्हर्नस सायनस या शिरांच्या रक्ताने भरलेल्या पोकळीत उघडते. दंतकथा यांनी सांगितलेले टेरिगॉइड जाळेही कवटीच्या तळाच्या छिद्रांमधून जाणाऱ्या बारीक शिरांनी त्याच पोकळीला जोडलेले आहे. यांतील एक शीर ज्या छिद्रातून जाते ते काहींच्या कवटीत असते, काहींच्या नसते, आणि ते १५४३ मध्ये आधुनिक शरीररचनाशास्त्राचा पाया घालणाऱ्या वेसॅलियस यांच्या नावाने ओळखले जाते. म्हणजे नाकाच्या कडेच्या रक्तापुढे दोन वाटा उघड्या असतात: खाली मानेत किंवा मागे कवटीत. कोणती घेतली जाईल हे बहुतांशी त्या क्षणीच्या दाबावर ठरते.

रात्रपाळी

मी आपत्कालीन विभागात काम करतो. निर्भीड यांचे म्हणणे आकड्यांच्या दृष्टीने खरे आहे, कारण कॅव्हर्नस सायनसमध्ये गुठळी होणे हा अत्यंत दुर्मीळ आजार आहे आणि असंख्य पुळ्या काहीही न होता बऱ्या होतात. शिवाय आज या आजाराच्या मुळाशी कातडीवरच्या पुळीइतकेच, किंबहुना अधिक, नाकामागच्या स्फिनॉइड आणि एथमॉइड पोकळ्यांमधील संसर्ग असतात. दाताच्या मुळाचा गळूही कारण ठरू शकतो. तरीही ज्याने हा आजार एकदा पाहिला आहे त्याला तो त्रिकोण विनोदाचा विषय वाटत नाही.

मी पाहिलेला रुग्ण तरुण होता आणि त्याने वरच्या ओठाजवळची पुळी दाबून फोडली होती. तो आला तेव्हा ओठाकडे त्याचे लक्षच नव्हते. डोळ्यामागे ठणकणारी डोकेदुखी, थंडी वाजून ताप आणि सुजलेली पापणी या त्याच्या तक्रारी होत्या. पापणी उचलली तेव्हा बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पाणी भरल्यासारखा फुगून बाहेर आला होता. समोर धरलेल्या बोटाकडे पाहत राहायला सांगून बोट बाहेरच्या बाजूला नेले, तर तो डोळा मध्यावर येऊन थांबला. डोळा बाहेर वळवणारा सहावा मज्जातंतू कॅरॉटिड धमनीच्या शेजारून, पोकळीच्या रक्तामधूनच जातो. डोळ्याचे इतर मज्जातंतू पोकळीच्या भिंतीत असतात, त्यामुळे बहुधा सहाव्याला पहिला फटका बसतो. पुढे दुसऱ्या डोळ्याची पापणीही सुजू लागली, कारण डावी आणि उजवी पोकळी एकमेकींना जोडलेल्या असतात. एका डोळ्याचा संसर्ग दुसऱ्या डोळ्यात उतरला की आमची शंका जवळजवळ खात्रीत बदलते.

त्याला स्कॅन करून लगेच शिरेतून प्रतिजैविके सुरू केली, काही आठवडे ती चालली आणि तो बरा झाला. प्रतिजैविके येण्यापूर्वी या आजारातून वाचणारा माणूस अपवादच असे. बहुतेक वेळा यामागे स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू असतो, जो आपल्यापैकी अनेकांच्या नाकात एरवी शांतपणे राहत असतो.

पुळी न दाबणे एवढे पुरेसे आहे. मात्र पुळीनंतर सूज वाढत जाऊन ताप आला, डोळा पुढे आल्यासारखा वाटला किंवा एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, तर सकाळची वाट पाहू नये.

निर्भीड

अतिरंजित हा शब्द मी मागे घेत नाही, पण स्वतःच्या नाकापासून हात मागे घेतला आहे.

कात्री_टाका

मी डोके आणि मान यांच्या शस्त्रक्रिया करतो, त्यामुळे या शिरा मला जिवंत आणि भरलेल्या स्थितीत पाहायला मिळतात. आमच्या दृष्टीने त्या केवळ रक्त वाहून नेत नाहीत, मज्जातंतू कुठे आहे हेही सांगतात.

जबड्याच्या कडेखाली चीर घेऊन आत गेले की फेशियल व्हेन लाळग्रंथीच्या वरून, उथळ, आडवी येते. त्याच वेळी फेशियल धमनी ग्रंथीच्या खोल बाजूने आलेली असते आणि दोघी जबड्याच्या कडेवर शेजारी येतात. खालचा ओठ खाली ओढणारा मज्जातंतूचा जो नाजूक धागा असतो, तो या शिरेच्या वरून, म्हणजे कातडीच्या बाजूने जातो. तो तुटला तर माणूस हसताना त्याचा ओठ कायमचा वाकडा दिसतो. म्हणून शीर बरीच खाली शोधून बांधायची, कापायची आणि तिचे वरचे टोक उचलून ऊतींसकट जबड्यावर उलटवायचे, म्हणजे तो धागा शिरेच्या आडोशाला सुरक्षित राहतो. अमेरिकन शल्यविशारद हेज मार्टिन यांच्या नावाने ही युक्ती ओळखली जाते. धागा डोळ्यांना दिसला नाही तरी तो वाचतो, हे तिचे सौंदर्य आहे.

पॅरोटिड ग्रंथीतही असेच. तिथे चेहऱ्याचा मज्जातंतू सर्वांत वर, त्याच्या खाली रेट्रोमँडिब्युलर शीर आणि तिच्याही खाली धमनी असा क्रम असतो. स्कॅनमध्ये मज्जातंतू सहसा दिसत नाही, शीर दिसते. तिच्यावरून गाठ उथळ भागात आहे की खोल भागात याचा अंदाज बांधता येतो.

शीर बांधून टाकली तर चेहऱ्याचे काय होते, हा प्रश्न कोणी विचारण्यापूर्वीच उत्तर देतो. एका बाजूची फेशियल व्हेन बांधली तर सहसा काहीही होत नाही, कारण रक्ताला इतर वाटा भरपूर असतात. कर्करोगासाठी एका बाजूची इंटर्नल जुग्युलर काढावी लागली तरी रुग्ण सावरतो. दोन्ही बाजूंच्या एकाच वेळी गेल्या तर मात्र चेहरा प्रचंड सुजतो आणि कवटीतील दाबही वाढतो. वाटा भरपूर असल्या तरी अमर्याद नसतात.

अर्धीओळ

माझ्या गालात जन्मतःच शिरांची विकृती आहे, त्यामुळे हा धागा वाचताना स्वतःविषयीच वाचत असल्यासारखे वाटले. उभी असताना माझा चेहरा दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो. बुटाची नाडी बांधायला वाकले की डावा गाल भरू लागतो, निळसर होतो आणि सरळ उभी राहिले की हळूहळू रिकामा होतो. त्याला नाडीसारखे ठोके नसतात. आत मटारापेक्षा लहान, टणक दाणे बोटाला लागतात. पूर्वी जबड्याच्या एक्स-रेमध्ये ते गोल दिसल्यामुळे एका ठिकाणी लाळग्रंथीतील खडे असे निदान करण्यात आले होते. पुढे एमआरआयमध्ये खरे कारण कळले. संथ रक्तात गुठळ्या होतात आणि त्यांवर चुना साचून हे दाणे बनतात, असे मला सांगण्यात आले. आता शिरा आक्रसवणारे औषध सुईने आत सोडण्याचे उपचार चालू आहेत आणि बराच फरक आहे.

दंतकथा

अर्धीओळ, आपले वर्णन विद्यार्थ्यांना वाचून दाखवावे इतके नेमके आहे. वाकल्यावर भरणारी, दाबल्यावर रिकामी होणारी आणि ठोके नसलेली सूज दिसली की तिथे सुई किंवा चिमटा लावण्यापूर्वी थांबावे. अशा जागचा दात निष्काळजीपणे काढला तर रक्तस्राव आवरणे अवघड होते.

निळाई

माझा प्रश्न साधा आहे. रक्त लाल असते, तर डोळ्यांखालच्या आणि कानशिलावरच्या शिरा निळ्या का दिसतात? आणि माझ्या वडिलांच्या खालच्या ओठावर जांभळा ठिपका आला आहे, तोही शिरेचाच प्रकार असतो का?

प्रकाशवाट

पहिल्या प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. शिरांतील रक्त गडद लाल असते, निळे कधीच नसते. लाल प्रकाश कातडीत खोलवर जातो, निळा वरच्या थरांतच विखुरला जाऊन बराचसा परत येतो. शीर पुरेशी खोल असेल तर निळा प्रकाश तिच्यापर्यंत फारसा पोहोचतच नाही, पण खोल गेलेला लाल प्रकाश तिच्यातील रक्त शोषून घेते. गंमत अशी की शिरेवरच्या कातडीवरून येणाऱ्या प्रकाशातही निळ्यापेक्षा लाल जास्तच असतो. शेजारच्या कातडीपेक्षा तो कमी झालेला असतो इतकेच, आणि डोळा तुलनेने रंग ठरवतो. शिल्पमग्न यांनी कधी रंग हाती घेतला तर गुलाबी त्वचेवर साधा राखाडी लावून पाहावा, तो निळा वाटेल. डोळ्यांखाली कातडी अतिशय पातळ असल्याने तिथे हा परिणाम अधिक जाणवतो.

दंतकथा

ओठावरच्या ठिपक्याविषयी: उतारवयात उन्हाने जुन्या झालेल्या ओठावर शिरेचा फुगीर भाग असा दिसतो. काचेच्या पट्टीने दाबल्यावर तो फिका पडतो. निरुपद्रवी असतो, पण दाबून रंग बदलत नसेल, ठिपका वाढत असेल किंवा कडा वेड्यावाकड्या असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा. घरबसल्या निदान करू नये.

जिभेखालीही पाहावे. जीभ टाळूला लावून आरशात पाहिले की दोन्ही बाजूंना निळसर शिरा दिसतात. वयोमानाने त्या फुगीर आणि गाठाळ होतात, ते पाहून घाबरून येणारे बरेच असतात आणि बहुतेकांना काहीही झालेले नसते. तिथले आवरण पातळ आणि शिरा जवळ, म्हणूनच छातीत दुखू लागल्यावर नायट्रोग्लिसरीनची गोळी जिभेखाली ठेवतात. औषध यकृताचा फेरा चुकवून थेट रक्तात जाते.

शिल्पमग्न

सर्वांचे मनापासून आभार. आता मूळ प्रश्नाकडे येतो. माझा वृद्ध ओझे उचलत आहे, श्वास कोंडलेला आहे, दात आवळलेले आहेत. फेशियल व्हेन दिसणार नाही हे समजले. मग दिसेल काय? कानशिलावरची ती नागमोडी, उठून दिसणारी शीर मी आधीच घडवली आहे.

शरीरवेध

ती शीर नव्हे, धमनी आहे. सुपरफिशियल टेम्पोरल धमनी कानाच्या पुढून वर चढते, तिचा पुढचा फाटा कपाळाकडे वळणे घेत जातो आणि म्हातारपणी कातडी पातळ झाली, चरबी ओसरली की तो चांगला उठून दिसतो. बोट ठेवले तर ठोके लागतात. तेव्हा शिल्पातून काढू नका, वळणे तशीच ठेवा. कानशिलावरच्या शिरा तिच्याहून सरळ, चपट्या आणि निळसर असतात, मातीत त्यांना उठाव द्यायची गरज नाही.

रात्रपाळी

येथे एक वैद्यकीय पुस्ती जोडणे भाग आहे. पन्नाशीपुढच्या माणसाची ही धमनी नव्याने जाड आणि दुखरी झाली, डोके दुखू लागले, केस विंचरताना टाळू हुळहुळली आणि चावताना जबडा दमून दुखू लागला, तर तो धमनीचा दाह असू शकतो. उपचाराला उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

सुषिर

मी वायुवाद्य वाजवतो. दीर्घ स्वर धरला की माझ्या मानेच्या दोन्ही बाजूंना दोरीएवढ्या जाड शिरा उठतात, आणि सहकलाकार त्यांच्यावरून ताल ओळखतात असे म्हणतात. ओझे उचलणाऱ्याचेही तसेच होत असावे.

शरीरवेध

नेमके तेच होते. श्वास कोंडून जोर लावला की छातीतील दाब वाढतो, डोक्याकडून येणारे रक्त छातीत शिरायला अडते आणि मागे साचते. एरवी ताठ उभे असताना डोके हृदयाच्या वर असल्यामुळे मानेतील शिरा जवळजवळ मिटलेल्या असतात आणि मेंदूचे रक्त बरेचसे मणक्याभोवतीच्या जाळ्यातून उतरते. आडवे झाले, वाकले किंवा जोर लावला की मानेच्या शिरा भरतात. आपल्याला दिसणारी शीर एक्स्टर्नल जुग्युलर असते.

प्रकाशवाट

गुरुत्वाकर्षणच नसेल तर काय होते, हेही पाहिले गेले आहे. अंतराळवीरांचे चेहरे सुजलेले दिसतात ते याचमुळे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ अंतराळवीरांपैकी ६ जणांच्या डाव्या इंटर्नल जुग्युलरमध्ये रक्त थबकलेले किंवा उलट वाहताना आढळले आणि एकात गुठळीही सापडली.

शिल्पमग्न

मग माझी यादी अशी होते: कपाळावर मध्यरेषेजवळची शीर, कानशिलावर धमनी आणि मानेवर एक्स्टर्नल जुग्युलर. कपाळावरची शीर एकच दाखवावी की दोन? आणि मानेवरची नेमकी कुठून कुठे?

कात्री_टाका

कपाळावर काहींना मध्यभागी एकच ठळक शीर असते, काहींना दोन आणि त्यांना नाकाच्या मुळाशी जोडणारी एक आडवी. दोन दाखवल्यास त्या सारख्या जाडीच्या करू नका. एक मोठी, दुसरी तिच्यापेक्षा बरीच बारीक असेल तर ती खरी वाटेल. हातावर दाखवता तशा झडपांच्या गाठीही कपाळावर देऊ नका, तिथे शीर गुळगुळीत आणि रुंद उठते. भुवयांजवळ येताना ती आठ्यांच्या स्नायूंखाली नाहीशी होते, त्यामुळे डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत ओढत नेऊ नका. गोऱ्या, कृश माणसांत तिथे निळसर छटा दिसते, उठाव मात्र क्वचितच.

शरीरवेध

मानेवरची शीर जबड्याच्या कोपऱ्यामागून, कानाच्या पाळीच्या खालून निघते आणि कॉलरबोनच्या मध्याच्या दिशेने जवळजवळ सरळ खाली येते. कानामागून छातीच्या हाडाकडे तिरका जाणारा मानेचा जाड स्नायू ती वरून ओलांडते, त्यामुळे स्नायू पुढे झुकलेला आणि शीर त्याला छेदणारी असा कोन दिसला पाहिजे. दोघांना समांतर दाखवणे ही शिल्पांत मला नेहमी खटकणारी गोष्ट आहे. कॉलरबोनच्या थोडे वर ती आत बुडी मारते, हाडावरून पुढे नेऊ नये. आणि वृद्धाचे डोके एका बाजूला वळलेले असेल, तर ज्या बाजूचा स्नायू ताणलेला आहे त्या बाजूला तिला अधिक उठाव द्या.